परदेशातल्या शाळांत कथक नेताना : पहिल्या पन्नास मिनिटांत काय द्यावं?

अंजोर

नमस्कार मंडळी,

गेल्या ऑक्टोबरात आम्ही चौघं पाच आठवडे इंग्लंडमध्ये होतो. मी आणि माझी एक विद्यार्थिनी नाचायला, साथीला एक तबलजी आणि हार्मोनियमवर लेहरा (तालाच्या फेरीबरोबर फिरत राहणारी धून) धरणारे एक काका. लेस्टर, ब्रॅडफर्ड आणि उत्तर यॉर्कशरमधली काही खेडी अशा ठिकाणच्या शाळांमध्ये कार्यक्रम होते. एका शाळेला साधारण पन्नास मिनिटं. मुलं सात ते अकरा वर्षांची, काही ठिकाणी त्याहून मोठी. या दौऱ्यात मी जे शिकले ते लिहून ठेवायचं होतं, आणि तुमचे अनुभवही हवे आहेत, म्हणून हा धागा.

पहिला आठवडा साफ फसला. पुण्यात बसून मी मोठा आराखडा केला होता. भरत आणि नाट्यशास्त्र, संगीत नाटक अकादमीने मान्यता दिलेल्या आठ शैली, प्रत्येकीचं चित्र, मग हस्तमुद्रा, मग वंदना, तोडे-तुकडे (नाचाच्या छोट्या बांधलेल्या रचना) आणि शेवटी प्रश्नोत्तरं. मुलं शहाण्यासारखी मांडी घालून बसायची, टाळ्या वाजवायची आणि विचारायची ते एवढंच, "घुंगरू जड असतात का?" तिसऱ्या शाळेतून परतताना आमचे तबलजी गाडीत म्हणाले, "ताई, तुम्ही त्यांना कथकबद्दल सांगताय. कथक त्यांच्या हातात काही पडत नाहीये." मला ते लागलं, कारण खरं होतं.

त्या रात्री आराखडा बाजूला ठेवला. दुसऱ्या दिवशी हॉलमध्ये गेल्यावर एक शब्द न बोलता तबला सुरू झाला आणि मी तत्कार (पायांनी वाजवायचे मूळ बोल) केला. *ता थेई थेई तत्, आ थेई थेई तत्.* मग सगळ्यांना हाताने तीनताल धरायला शिकवला. मात्रा १६, टाळी १, ५ आणि १३ वर, नवव्या मात्रेला खाली, म्हणजे तळवा उलटा करून हवेत. मुलांना खाली फार आवडते. सगळं वाजत असताना एका ठिकाणी मुद्दाम न वाजवणं ही गंमत त्यांना लगेच कळते.

मग तिहाई. एकच बोल तीनदा म्हणायचा आणि तिसऱ्याचा शेवट समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, आणायचा. मी निवडलेली सगळ्यांत सोपी आहे, आठ मात्रा नुसता हात धरायचा आणि खालीपासून तोंडाने बोलायचं : *तत् तत् थेई, तत् तत् थेई, तत् तत् थेई.* पहिला थेई ११ वर पडतो, दुसरा १४ वर आणि तिसरा थेट समेवर.

यॉर्कशरमधल्या एका खेड्यातली शाळा. सगळे मिळून साठेक विद्यार्थी, भारतीय चेहरा एकही नाही. जेवणाची टेबलं नुकतीच भिंतीला उभी करून ठेवलेली, हॉलमध्ये उकडलेल्या भाजीचा वास. स्वेटरच्या बाह्या बोटांपर्यंत ओढून घेतलेला एक मुलगा बराच वेळ बोटं मोजत होता. त्याने हात वर केला. म्हणाला, "आठ आणि नऊ सतरा होतात. तुम्ही सोळा म्हणालात. मग एक जास्तीचा आहे."

पंचवीस वर्षं मी सम शिकवते आहे, पण असा नेमका प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. मी उत्तर दिलं नाही. तबलजींना म्हटलं, ठेका थांबवू नका. त्या मुलाला म्हटलं, बाकीच्यांना बोलू दे, तू फक्त शेवटचा थेई म्हण. सगळा हॉल बोलत गेला, त्याने शेवटचा थेई ओरडून टाकला आणि त्याच क्षणी तबल्यावर धा पडला. तो पोरगा वळून मित्रांकडे बघायला लागला. सतरावा हाच पुढच्या फेरीचा पहिला, हे त्याला कोणी समजावलं नाही, त्याच्या कानाने ते पकडलं. नंतर त्याने विचारलं, "मग हे कधीच संपत नाही?"

त्यानंतरच्या प्रत्येक शाळेत मी याच क्रमाने गेले. आधी पाय, मग हाताने ताल, मग तोंडाने बोल, मग तिहाई. नाच दाखवायचा तो त्यानंतर. आता मी तुकडा सादर केला की मुलं समेच्या आधीच श्वास रोखून बसतात, कारण सम कुठे येणार हे त्यांना माहीत असतं. समेवर साठ मुलांच्या तोंडून एकदम हुंकार निघतो. पुण्यातल्या जाणत्या श्रोत्यांकडून मिळते तीच दाद. फक्त ही तीस मिनिटांपूर्वी तयार झालेली असते.

गोष्टी शेवटी येतात, त्यासुद्धा गतनिकासातून, म्हणजे चालीतून आणि एखाद्या ठेवणीतून पात्र दाखवत : घुंघट, मटकी, मोर. मटकी डोक्यावर आहे असं समजून हॉलभर चालायला सांगितलं की शिक्षकसुद्धा उठतात.

एक तक्रार मात्र मनात आहे. एका ठिकाणी आयोजकांनी आम्हाला न विचारता फलकावर "बॉलिवूड वर्कशॉप" छापलं होतं, आणि एका दिवसात चार शाळा लावल्या होत्या. चौथ्या शाळेत माझे पाय बोलत नव्हते, मुलांना अर्धवट मिळालं. यापुढे दिवसाला दोनच, असं मी लेखी घेणार आहे.

तुमच्यापैकी कोणी असं काम केलं आहे का? तेरा-चौदा वर्षांच्या मुलांसाठी काय बदलता? देवादिकांच्या कथांबद्दल पालक काय म्हणतात? मोकळेपणाने लिहा.

---

तीनतालिया

अंजोरताई, फार छान लिहिलंत. वाचनखूण साठवली. मी साथ करतो म्हणून माझ्या बाजूने दोन गोष्टी.

परवडत असेल तोवर साथीदार जिवंत न्या. लेहऱ्याचं अ‍ॅप उत्तम असतं, रियाजाला मीही वापरतो, पण मुलांच्या हॉलमध्ये लय थोडी पुढेमागे होते आणि माणूस ती सावरून घेतो. शंभर मुलं टाळी देताना हमखास पळतात. त्यांना पळू द्यायचं, त्यांच्या मागे थोडं जायचं आणि मग हळूच ओढून आणायचं, हे यंत्र करत नाही.

दुसरं, लय चालायच्या वेगाची ठेवा. विलंबितात, म्हणजे अगदी संथ लयीत, मुलं दोन मात्रांच्या मधे हरवतात. आणि तबल्याला एकदा हात लावू द्या. शाईवर, म्हणजे मधल्या काळ्या ठिपक्यावर, बोट ठेवलं की आवाज का बदलतो हे त्यांनी स्वतः करून पाहावं.

---

नवी पेठ

लेख मनापासून लिहिला आहे, त्याबद्दल आदर. पण मला एक गोष्ट खटकते आणि ती सांगितली पाहिजे.

मी पुण्यात रोहिणीताई भाट्यांचं नृत्य पाहत मोठा झालो. १९४७ साली त्यांनी नृत्यभारती सुरू केली, आणि त्यानंतरची साठ वर्षं त्या शिकवत, वाचत, नव्याने बांधत राहिल्या. आमच्या घरातल्या मुलीने त्याच शिस्तीत दोन वर्षं तत्कारापलीकडे काही केलं नव्हतं. ही विद्या इतक्या सावकाश अंगात मुरते. पन्नास मिनिटांत "कथक केलं" असं वाटून मुलं घरी गेली तर त्यांची फसगत होते आणि विद्येचीही. पाहू द्या ना त्यांना शांतपणे. उत्तम नृत्य नुसतं पाहणं हेही शिक्षणच आहे.

---

अंजोर

काका, तुमचं म्हणणं मला परकं नाही. मीही त्याच शिस्तीतली. म्हणूनच मुलांना मी स्पष्ट सांगते की मी हे सात वर्षांची असल्यापासून करते आहे आणि अजून रोज सकाळी तत्कारच करते. ते ऐकून त्यांचे डोळे मोठे होतात. आपण कथक शिकलो असं समजून एकही मूल घरी जात नाही.

नुसतं पाहण्याबद्दल थोडं वेगळं वाटतं. कथक नर्तकी मादाम मेनका १९३६ ते १९३८ या काळात आपला संच घेऊन युरोपभर फिरल्या, बर्लिनच्या १९३६ च्या नृत्यस्पर्धेत त्यांना पारितोषिकं मिळाली. आपल्या दमयंती जोशी लहान वयात त्या संचाबरोबर होत्या. त्या काळात परदेशी प्रेक्षकासमोर पूर्ण संच, पोशाख, वाद्यवृंद उभा करणं हेच मोठं काम होतं, कारण त्याने हे कधी पाहिलंच नव्हतं. आजच्या मुलाकडे फोन आहे. त्यावर तो कुठलाही नाच दहा सेकंद पाहतो आणि पुढे सरकतो. त्याला आणखी एक दृश्य देऊन काही उरत नाही. त्याच्या स्वतःच्या तोंडातून निघालेला थेई समेवर पडला, तर ते उरतं.

आणि काका, त्यांना शांतपणे पाहायला मीही सांगतेच, पण तिहाईनंतर. तेव्हा ती खरोखर पाहतात.

---

मेलबर्नकर

मी भरतनाट्यम शिकवते, इथल्या शाळांमध्ये बारा वर्षं जाते आहे. माझा अनुभव थोडा उलटा आहे, म्हणून लिहिते. माझ्याकडे सुरुवात हातापासून होते.

कारण अगदी व्यवहारी आहे. अरमंडी, म्हणजे गुडघे बाहेर वळवून अर्धं बसणं, अनोळखी मुलांकडून करून घेणं धोक्याचं असतं. गुडघे आत पडतात. शाळेचा हॉल म्हणजे बऱ्याचदा सिमेंटवर चिकटवलेलं विनायल, त्यावर पाय आपटायला लावणं मला पटत नाही. तुम्हाला लाकडी जमीन मिळाली असेल तर भाग्य. हात मात्र कुठेही चालतात, व्हीलचेअरवरच्या मुलालाही.

अभिनयदर्पण या जुन्या नृत्यग्रंथात एका हाताच्या २८ मुद्रा आहेत. मी सहाच देते : पताक, मयूर, मृगशीर्ष, सिंहमुख, अलपद्म, मुष्टी. मग दोन हातांचा मत्स्य. त्यानंतर त्यांना सांगते, तुमच्या अंगणातली गोष्ट या हातांनी सांगा. एका शाळेत कांगारू कसा दाखवायचा यावरून दहा मिनिटं वाद झाला. आपल्याकडे कांगारूचा हस्त असणार कुठून! शेवटी एका मुलीने मृगशीर्ष दुसऱ्या हाताच्या ओंजळीत ठेवला आणि ओंजळीतून हळूच डोकं बाहेर काढलं. पिशवीतलं पिल्लू. मी तो हात अजून वापरते.

नंतर तालाकडे येतो. *तकिट* तीन, *तकधिमी* चार, *तकतकिट* पाच. मुलांची नावं त्यात बसवतो. चार अक्षरी नावाचं मूल तकधिमी गटात.

जाता जाता : इथल्या महाराष्ट्र मंडळात मराठी पालक मला म्हणतात, "भरतनाट्यम आपलं नाही ना, तमिळ आहे." मग मी त्यांना तंजावरची आठवण करून देते. भरतनाट्यमचा आजचा क्रम बांधणारे चौघे बंधू, चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलू, सरफोजीराजांच्या दरबारात होते, आणि त्या दरबारात नृत्यासाठीची निरूपणं (नाचातून सांगायच्या गोष्टींच्या रचना) मराठीत लिहिली गेली. मुंबईत आचार्य पार्वतीकुमारांनी ती अभ्यासून पुन्हा रंगमंचावर आणली. हे ऐकल्यावर पालक मुलीची फी भरतात ते वेगळ्याच चेहऱ्याने.

---

अंजोर

मेलबर्नकर, पिशवीतल्या पिल्लाचा हात मी नक्की चोरणार! जमिनीबद्दल अगदी बरोबर. जुन्या शाळांमध्ये लाकडी पार्केट असायचं, नव्या इमारतींमध्ये नाही. जिथे खाली सिमेंट होतं तिथे मुलांना आम्ही बसूनच बोल म्हणायला लावले आणि तत्कार मीच केला, तोही हलक्या पायाने. माझ्या एका पायात शंभर घुंगरू असतात, कठीण जमिनीवर त्याचा मार थेट टाचेला बसतो.

---

उत्तररात्र

अमेरिकेतल्या एका कॉलेजात शिकवतो. नाचणारा नाही. दौऱ्यावर येणाऱ्या कलाकारांची व्याख्यानं-प्रात्यक्षिकं आयोजित करतो. वर विचारलं आहे की मोठ्या मुलांसाठी काय बदलावं.

माझं कळकळीचं सांगणं आहे की मोठ्या मुलांना इतिहास सरळ सांगा. "पाच हजार वर्षांची अखंड परंपरा, मंदिरातली पवित्र कला" हे वाक्य मी इतक्या पाहुण्यांकडून ऐकलं आहे, आणि दर वेळी मागच्या बाकावरची एखादी मुलगी विचारते, "तेव्हा हे कोण नाचत होतं?" मग पाहुणे गडबडतात. गडबडण्यासारखं काही नाही. देवदासी आणि गणिकांच्या घराण्यांनी ही कला सांभाळली, त्यांच्यावर समाजाने डाग लावला, १९४७ च्या मद्रासच्या कायद्याने मंदिरात मुली वाहण्याची प्रथा बंद झाली, आणि त्याच्या आगेमागे हे नृत्य शहरी मध्यमवर्गीय घरांत आलं. १९३६ ला रुक्मिणीदेवींनी मद्रासला कलाक्षेत्र ही नृत्यसंस्था काढली तो याच वळणावरचा टप्पा. आणि त्याच वंशपरंपरेतल्या बालसरस्वती १९६२ ला जेकब्स पिलो या इथल्या नृत्यमहोत्सवात नाचल्या, पुढे वेस्लियन विद्यापीठात त्यांनी शिकवलं. इथल्या किती विद्यार्थ्यांनी पहिल्यांदा अभिनय म्हणजे काय हे त्यांच्या बसल्या जागच्या पदातून (अभिनयाने सादर करायच्या गीतातून) ओळखलं असेल!

कथकबाबतही तसंच. मंदिरातले कथेकरीही सांगा, लखनौचा वाजिद अली शाहचा दरबारही सांगा, तवायफही सांगा. सोळा-सतरा वर्षांच्या मुलांना खरं सांगितलं की ती तुमच्यावर विश्वास ठेवतात. तिथून पुढचा नाच ती निराळ्या नजरेने बघतात.

---

तीनतालिया

उत्तररात्र यांना जोरदार अनुमोदन. आम्हा तबलजींची अर्धी विद्या ज्या कोठ्यांवर घडली त्यांचं नाव आम्हीच घेत नाही, ही खंत आहे.

---

लिफीकाठ

डब्लिनहून लिहिते. मी कलाकार नाही, पण गांधर्व महाविद्यालयाच्या मध्यमा पूर्णपर्यंत कथक केलं होतं, लग्नानंतर सुटलं. मुलीच्या शाळेत पुढच्या आठवड्यात पालकांनी आपापल्या देशाचं काही दाखवायचं आहे. मी समोशांचं ठरवलं होतं. हा धागा वाचून वाटतं की तिहाई करावी.

भीती अशी की शाळा कॅथलिक आहे. सुरुवातीला गणेशवंदना किंवा भूमिप्रणाम केला तर कोणाला वावगं वाटेल का?

---

अंजोर

लिफीकाठ, करा नक्की! समोसेही न्या.

वंदनेबद्दल माझा अनुभव सांगते. एका शाळेत एका आईने आधीच कळवलं होतं की आमच्या मुलाने दुसऱ्या धर्माची प्रार्थना करू नये. मला आधी वाईट वाटलं, मग वाटलं की ती बरोबर आहे. माझ्या मुलाबाबत मीही विचारलं असतं. तेव्हापासून मी वंदना स्वतः करते, सादरीकरण म्हणून, आणि मुलांकडून करून घेत नाही. गणपती कोण हे कोणी विचारलं तर आनंदाने सांगते.

भूमिप्रणाम मात्र सगळ्यांना शिकवते, कारण तो मी जसा शिकले तसाच सांगते : आता आपण हिच्यावर पाय आपटणार आहोत, म्हणून आधी हिची क्षमा मागू. आजवर एकाही शाळेत कोणी अडवलं नाही. एका शिक्षिकेने तर सांगितलं की त्यानंतर मुलं मैदानावर जायच्या आधी गवताला हात लावायला लागली. आणि कथकमध्ये नमस्कार जसा आहे तशी सलामीही आहे. दोन्ही दाखवा, दोन्ही आपलीच आहेत.

शाळेशी आधी बोला. इंग्लंडमध्ये तरी नृत्य शारीरिक शिक्षणाच्या तासात मोडतं, त्यामुळे शिक्षक जागा काढून देतात. गणिताच्या शिक्षकांना तिहाईचा कागद दाखवलात तर तेही येतील.

---

घाटमाथा

लहानसा प्रतिसाद, पण नव्याने दौरे करणाऱ्यांना उपयोगी पडेल. मानधन घेणार असाल तर कोणत्या व्हिसावर ते चालतं हे निमंत्रण देणाऱ्या संस्थेकडून लेखी मागा, तोंडी भरवशावर निघू नका. मुलांमध्ये काम करणाऱ्यांची पोलीस पडताळणी बऱ्याच ठिकाणी मागतात, तिला वेळ लागतो. मुलांचे फोटो शाळेच्या परवानगीशिवाय काढू नयेत. घुंगरू हातातल्या बॅगेत ठेवा. सामान हरवलं तर पोशाख उसना मिळेल, पायाला बसलेले घुंगरू मिळणार नाहीत. विमानतळावर बॅग उघडायला लावतात, तेव्हा दोन मिनिटं जास्त धरा.

---

मेलबर्नकर

उलट दिशेच्या दौऱ्याबद्दलही कोणी लिहावं. मी दोन वर्षांपूर्वी इथल्या सोळा-सतरा वर्षांच्या नऊ जणांना केरळात नेलं होतं. वळ्ळत्तोळांनी १९३० साली स्थापलेल्या कलामंडलम या कथकलीच्या संस्थेत पाहुण्यांना सकाळचे वर्ग दारातून पाहता येतात. कळरीत, म्हणजे सरावाच्या दालनात, मुलांचा डोळ्यांचा सराव चालला होता. मान स्थिर, बाकी शरीर स्थिर, फक्त बुबुळं फिरतायत, आधी सावकाश, मग दुपटीने, मग चौपटीने. गुरुजी हातातली काठी लाकडावर आपटून लय देत होते. आमची सतत बोलणारी मुलं चाळीस मिनिटं एक शब्द बोलली नाहीत. संध्याकाळी हॉटेलवर बघते तर आरशासमोर ओळीने उभी राहून डोळे फिरवतायत.

नवी पेठ काकांना हवी असलेली सावकाशी बघायची तर मुलांना तिथे न्यावं, असं मला तेव्हा वाटलं.

---

नवी पेठ

मेलबर्नकर, हे आवडलं. आणि अंजोरताई, तुमचं उत्तर दोनदा वाचलं. तिहाईनंतर मुलं खरोखर पाहतात, हा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता. माझा नातू जर्मनीत आहे, आठ वर्षांचा. काल व्हिडिओ कॉलवर त्याच्याबरोबर करून पाहिलं. कॉलवर आवाज मागे राहतो, त्यामुळे आमची सम काही जुळेना. आजी शेजारी बसून हसत होती. तो आता म्हणतो, आबा, तुम्ही इकडे या, मग जमेल.

---

लिफीकाठ

आज केलं!

वर्गात अठ्ठावीस मुलं. पहिल्यांदा सगळी सातव्या मात्रेलाच बोलायला लागली. दुसऱ्यांदा अर्धी खालीवर आली, अर्धी नाही. तिसऱ्यांदा मी खालीला हात खूप उंच नेला आणि डोळे मोठे केले, तेव्हा सगळी एकदम निघाली आणि एकदम समेवर आली. वर्गशिक्षिका उभ्या राहिल्या. माझी मुलगी शाळेत मराठी बोलत नाही, मला लांबूनच हात करते. आज घरी येईपर्यंत रस्त्याने *तत् तत् थेई* म्हणत आली, मोठ्याने.

शुक्रवारी पुन्हा बोलावलं आहे, शेजारच्या वर्गासाठी. माझे घुंगरू सांगलीला माहेरी आहेत, कोणत्या अवस्थेत असतील देव जाणे. भाऊ पुढच्या महिन्यात येतोय. नवे आणायला सांगू का? काय बघून घ्यावेत?

---

अंजोर

किती आनंद झाला म्हणून सांगू!

नवे घेण्याआधी भावाला जुने बघू द्या. पितळ काळं पडलं असेल तर चिंचेने घासलं की उजळतं. प्रत्येक घुंगरू कानाजवळ हलवून पाहायला सांगा, बद्द वाजणारा काढून टाकायचा. दोर कुजलेला असेल तर सगळं उसवून नव्या सुती दोरात ओवा, नायलॉन घोट्याला कापतो. एका घुंगरानंतर एक गाठ, घट्ट, नाहीतर सरकून एकमेकांवर चढतात. इतक्या वर्षांनी बांधताय तर पन्नास-पन्नासने सुरू करा. उरलेले मोकळे वर्गात न्या आणि मुलांच्या हातात एकेक द्या.